तोलेदो हे ‘अर्ध्या दिवसात’ उरकायचे गाव नव्हे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत स्पेनच्या सहलीवर आलेल्या लेखात, माद्रिदला मुक्काम असताना ‘अर्ध्या दिवसात तोलेदो’ करून यावे आणि दुपार खरेदीसाठी मोकळी ठेवावी, असा सल्ला दिला आहे. सहल कंपन्यांच्या पत्रकांतही नेमकी हीच ओळ असते. ते टोलेडो लिहितात, एवढाच फरक. हा सल्ला पाळणाऱ्याच्या पदरात काय पडते, आणि त्याच गावाला एक पूर्ण दिवस दिला तर ते कसे पाहावे, हे तपशिलात लिहीत आहे. पत्र लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

आधी हिशेब मांडू. माद्रिदहून तोलेदो सुमारे ७० किलोमीटर. सहलीची बस सकाळी नऊला हलली तरी पोहोचेपर्यंत सव्वादहा होतात. मग नदीपलीकडच्या ‘मिरादोर देल वाये’ या कठड्यावर फोटोंसाठी वीस मिनिटे. त्यानंतर तलवारी आणि सोनेरी नक्षीच्या वस्तूंच्या ‘कारखान्यात’ पाऊण तास. हा कारखाना म्हणजे दारात एक कारागीर बसवलेले दुकान असते. खरा शस्त्रकारखाना राजा तिसऱ्या कार्लोसने १७६१ मध्ये काढला होता आणि त्याच्या आवारात आज विद्यापीठ आहे. तिकडे कोणी नेत नाही. उरतात दीड-दोन तास. त्यात गाइड छत्री उंच धरून पुढे आणि मंडळी धापा टाकत मागे. तोलेदोत राहून गेलेल्या एल ग्रेको या चित्रकाराचे एक चित्र गर्दीच्या खांद्यांवरून दिसते, कॅथेड्रल बाहेरून ‘दाखवले’ जाते आणि एक वाजता बस परत निघते. तोलेदोला गेलो होतो असे सांगता येते, पण तोलेदो पाहिलेले नसते.

या गावाला घाई मानवत नाही, याचे पहिले कारण त्याची जमीन. ग्रॅनाइटच्या टेकडीला ताहो नदीने, म्हणजे आपल्या भूगोलातल्या टॅगसने, तीन बाजूंनी खोल घळीतून वेढा घातला आहे. जुने गाव सगळे वर; रेल्वे स्टेशन आणि बस स्थानक खाली. वरच्या गल्ल्यांची आखणी बहुतांशी मुस्लिम राजवटीच्या काळातली आहे. अरुंद, वळणाची, मध्येच बंद होणारी. दुसऱ्या फिलिपने १५६१ मध्ये दरबार माद्रिदला हलवला आणि तोलेदोकडचा पैसा आटला, त्यामुळे रस्ते रुंद करण्याच्या भानगडीत पुढे कोणी पडलेच नाही. आज आपण ज्या अखंड जुनेपणाचे कौतुक करतो आणि ज्यासाठी युनेस्कोने १९८६ मध्ये या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो असा दारिद्र्याच्या कृपेने टिकला. उंच भिंतींमुळे मोबाइलवरचा नकाशा गल्लीगल्लीत चुकतो. नकाशात दोनशे मीटर दिसणारे ठिकाण चढउतार धरून दहा मिनिटांचे असते. गोट्यांची आणि दगडांची फरसबंदी पावसात निसरडी होते. घट्ट पकडीचे बूट हवेत. चपला किंवा गुळगुळीत तळाचे सँडल नकोत.

जायचे कसे? रेल्वेने. माद्रिदच्या पुएर्ता दे आतोचा स्टेशनातून ‘आवान्त’ नावाची जलद गाडी साधारण ३५ मिनिटांत तोलेदोला पोहोचते. एका बाजूचे तिकीट साधारण १४ युरो; जाण्यायेण्याचे एकत्र काढले तर थोडे स्वस्त पडते. इथे चार ठिकाणी लोक चुकतात. एक, ही लोकल नव्हे. प्रत्येक तिकिटावर गाडी आणि आसन ठरलेले असते आणि आसने संपली की संपली. रोज कामाला जाणारे पासधारक याच गाडीत असतात. शनिवार-रविवारी सकाळच्या गाड्या आदल्या दिवशीच भरतात. दोन, आतोचाचे दोन भाग आहेत. उपनगरी गाड्यांचे फलाट वेगळे आणि लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांचे वेगळे. आवान्त दुसऱ्या भागातून सुटते, तिथे सामान यंत्रातून तपासले जाते आणि सुटण्याच्या दोन मिनिटे आधी दार बंद होते. मेट्रोतून उतरून हा भाग सापडेपर्यंतच दहा मिनिटे जातात, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवावा. तीन, संकेतस्थळावर परदेशी बँकेचे कार्ड कधीकधी चालत नाही. तसे झाले तर आदल्या संध्याकाळी आतोचातल्या खिडकीवर किंवा यंत्रावर तिकीट काढून ठेवावे. चार, माद्रिदच्या मेट्रोत ‘पुएर्ता दे तोलेदो’ नावाचे स्थानक आहे. ते माद्रिदमध्येच आहे! तिथून तोलेदोला काही जात नाही.

गाडी भरली असेल तर बस आहे. प्लासा एलिप्तिका या मेट्रो स्थानकाखालच्या बस तळावरून ती सुटते. थेट बसला साधारण तासभर लागतो, गावोगावी थांबत जाणारीला दीड तास. त्यामुळे चढण्यापूर्वी ‘दिरेक्तो?’ एवढा एक शब्द विचारून घ्यावा. ही बस गावाच्या उत्तरेला पायथ्याशी सोडते.

तोलेदोचे स्टेशन १९१९ मधले, नव-मुदेहार शैलीतले, म्हणजे स्पेनमधल्या जुन्या मुस्लिम धाटणीच्या कामावर बेतलेले. विटांची नक्षी, रंगीत काचा, लाकडी छत, घड्याळाचा मनोरा. बाहेर पडताच पर्यटन बसचे विक्रेते ‘सेंटर, सेंटर’ म्हणत पुढे येतात. त्यांची बस वाईट नाही, पण साध्या शहर बसच्या तुलनेत महाग पडते आणि वर जायला ती लागतच नाही. बाहेर पडून उजवीकडे वळले की दहा-पंधरा मिनिटांत अल्कान्तारा पूल येतो. अरबीत ‘अल-कन्तरा’ म्हणजेच पूल, तेव्हा हा ‘पूल पूल’ झाला. त्यावरून ताहोची घळ पायाखाली आणि अल्कासारचा चौकोनी किल्ला डोक्यावर दिसतो. गावात शिरण्याचा याहून चांगला रस्ता नाही. पूल ओलांडून पायऱ्या आणि चढ मिळून पंधरा-वीस मिनिटांत सोकोदोवेर चौक. पूर्वी इथे गुराढोरांचा बाजार भरे. नावही त्या अरबी बाजाराचेच.

गुडघे कुरकुरत असतील त्यांनी स्टेशनातून शहर बस किंवा टॅक्सी करून थेट सोकोदोवेर गाठावे आणि तिथून पश्चिमेकडे उतरत जावे; दिवसाचा बराचसा रस्ता मग उताराचा होतो. उत्तरेच्या बिसाग्रा वेशीजवळ तटाला लागून सरकते जिने आहेत. २००० साली बांधलेले हे जिने सहा टप्प्यांत ३६ मीटर वर नेतात, आणि तेही फुकट. टेकडीच्या पोटात खाच पाडून ते असे बसवले आहेत की लांबून तटबंदीच दिसते. एवढ्या जुन्या गावात केलेले इतके विचारी नवे काम क्वचितच पाहायला मिळते.

आता वार, कारण सर्वांत जास्त पैसे आणि मनस्ताप इथे वाया जातो. सोमवारी त्रान्सितो सिनेगॉग (ज्यूंचे जुने प्रार्थनागृह), एल ग्रेको संग्रहालय आणि अल्कासारातले लष्करी संग्रहालय बंद असते. रविवारी कॅथेड्रल पर्यटकांसाठी दुपारी दोनला उघडते. त्रान्सितो आणि एल ग्रेको ही सरकारी संग्रहालये शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी फुकट असतात, पण रविवारी तीनला बंदही होतात. म्हणजे रविवारीच जाणे भाग असेल तर क्रम उलटा करायचा: सकाळी ज्यू वस्ती, दोननंतर कॅथेड्रल. खरे चांगले दिवस मंगळवार ते शुक्रवार. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ ते ४० अंशांपर्यंत चढतो आणि दगड संध्याकाळपर्यंत तापलेले राहतात. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि बहुतेक ठिकाणे तासभर लवकर बंद होतात. ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी, कॉर्पुस क्रिस्ती या ख्रिस्ती सणाची मोठी मिरवणूक निघते. त्याच्या आधीचे काही आठवडे मिरवणुकीच्या गल्ल्यांवर पांढरी छते ताणलेली असतात. सावलीही मिळते आणि शोभाही येते. मिरवणुकीच्या दिवशी मात्र वास्तू पाहण्याची अपेक्षा ठेवू नये.

तिकिटांबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवावी. मनगटाला बांधायची ‘पुल्सेरा’ नावाची एक पट्टी मिळते. तिच्यावर सात वास्तू पाहता येतात: सान्तो तोमे, सान्ता मारिया ला ब्लान्का, सान हुआन दे लोस रेयेस, क्रिस्तो दे ला लुस, जेझुइटांचे चर्च, साल्वादोर चर्च आणि दोन्सेयास नोब्लेस हे जुने मुलींचे विद्यालय. यांपैकी कुठल्याही ठिकाणी ती मिळते. चार ठिकाणे पाहणार असाल तर ती परवडते, दोनच पाहणार असाल तर नाही. कॅथेड्रल तिच्यात नाही. पट्टी दाखवून कॅथेड्रलच्या दारातून परत फिरणारी माणसे रोज दिसतात. त्रान्सितो आणि अल्कासारही तिच्यात नाहीत.

नऊच्या सुमाराची गाडी पकडली तर दहाला कॅथेड्रलचे दार उघडताना तिथे असता येते. तिकीट दारावर मिळत नाही. पुएर्ता याना या दरवाजासमोरच्या दुकानात मिळते. मनोऱ्यावर चढायचे असेल तर त्याच्या ठरावीक वेळा असतात, त्या तिकीट काढतानाच विचाराव्यात. वर १७५३ मध्ये ओतलेली प्रचंड घंटा आहे, तडा गेलेली. गुडघ्यांचा विचार करता मनोरा सोडला तरी चालेल. आत मात्र दोन तास हवेतच.

१२२६ मध्ये पाया घातलेले हे काम १४९३ मध्ये पुरे झाले. जागा जुन्या मुख्य मशिदीची. आत गेल्यावर लोक उंचीकडे बघत राहतात आणि पाहण्याजोगे खालीच राहून जाते. मधल्या गायकवृंदाच्या दालनात खालच्या ओळीतल्या लाकडी आसनांच्या पाठी पाहाव्यात. रोद्रिगो आलेमान याने १४८९ ते १४९५ या काळात त्यांवर ग्रानादा या स्पेनमधल्या शेवटच्या मुस्लिम राज्याशी झालेल्या लढाईचे ५४ प्रसंग कोरले: वेढे, तोफा, किल्ल्याच्या किल्ल्या हवाली करणारे सरदार. ग्रानादा पडले १४९२ मध्ये. म्हणजे लढाई चालू असतानाच हे कोरीवकाम सुरू झाले होते. लाकडावरचे बातमीपत्रच म्हणा ना.

मुख्य वेदीच्या मागे जावे आणि मान वर करावी. तिथे ‘त्रान्स्पारेन्ते’ आहे. अडचण अशी होती की वेदीमागची पवित्र प्रसादाची जागा अंधारात पडत असे. नार्सिसो तोमे याने १७२९ ते १७३२ या काळात मागच्या प्रदक्षिणामार्गाचे गॉथिक छत, दगडी फासळ्या तशाच ठेवून, मधून कापून काढले आणि वर खिडकीचा मोठा झरोका बसवला. संगमरवर, ब्राँझ आणि रंगवलेले देवदूत यांच्या गर्दीवर त्यातून उजेड सांडतो. काहींना हे सुंदर वाटते, काहींना मिठाईच्या दुकानासारखे. पण पाचशे वर्षांच्या इमारतीला भोक पाडण्याची छाती आणि ते पाडूनही छत न कोसळू देण्याची अक्कल, दोन्हींना दाद द्यावी लागते. आभाळ भरलेले असेल तर निम्मी गंमत जाते. छताला कुठेकुठे विरलेल्या लाल टोप्या टांगलेल्या दिसतात. त्या कार्डिनलांच्या. ज्याची कबर खाली, त्याची टोपी वर, आणि ती कुजून आपोआप पडेपर्यंत काढायची नाही, असा रिवाज.

पवित्र वस्त्रांच्या दालनात एल ग्रेकोचे ‘एल एस्पोलियो’ आहे. येशूची वस्त्रे ओरबाडली जाण्याचा हा प्रसंग, १५७७ ते १५७९ मधला. तो लाल झगा छापील पुस्तकात कधीच तसा उतरत नाही. वस्त्रांच्याच दालनासाठी वस्त्रहरणाचा विषय, हे औचित्य लक्षात आले की चित्र भिंतीला अधिकच घट्ट बसते. याच दालनात स्पॅनिश चित्रकार गोयाही आहे. घाईत लोक त्याला ओलांडून जातात. कोषागारातली एन्रिके दे आर्फेची कुस्तोदिया, म्हणजे मिरवणुकीत फिरणारा चांदीचा सोनेरी मुलामा दिलेला मनोरा, १५१५ ते १५२४ या काळात घडवलेली आहे. कॉर्पुसच्या मिरवणुकीत निघते ती हीच.

कॅथेड्रलमधून बाहेर पडेपर्यंत साडेबारा होतात. इथे एक युक्ती. अकरा ते दीडपर्यंत सगळे गट सान्तो तोमे चर्चमध्ये रांग लावतात. दोन वाजता ते जेवायला जातात आणि पट्टीवरच्या वास्तू दुपारी बंद होत नाहीत. म्हणून मधल्या वेळात साल्वादोर चर्च किंवा गल्ल्या पाहाव्यात, दोनला सान्तो तोमेत शिरावे आणि तीनला जेवावे. स्पॅनिश खानावळी दीडच्या सुमारास स्वयंपाकघर उघडतात आणि चारला बंद करतात. तीन ही तिथली उशिराची वेळ नव्हे. साडेचारला पोहोचलात तर रात्री साडेआठपर्यंत सँडविच आणि कॉफीवर भागवावे लागते.

सान्तो तोमेत पाहायचे ते एकच चित्र, ‘ओर्गासच्या सरदाराचे दफन’, ४.८ मीटर उंच आणि ३.६ मीटर रुंद. ते ज्या जागेसाठी १५८६ ते १५८८ या काळात काढले, तिथेच अजून आहे, सरदाराच्या थडग्याच्या वर. त्यामागचा कोर्टकज्जा ठाऊक असेल तर चित्र वेगळेच दिसते. हा सरदार, गोन्सालो रुइस, १३२३ मध्ये वारला. ओर्गासच्या गावकऱ्यांनी या चर्चला दरवर्षी २ मेंढे, १६ कोंबड्या, २ बुधले दारू, लाकडाचे २ भारे आणि ८०० माराव्हेदी (जुनी नाणी) द्यावेत, अशी तरतूद तो करून गेला. अडीचशे वर्षांनी, १५६४ मध्ये, गावकऱ्यांनी हात आखडला. धर्मगुरू आन्द्रेस नुन्येस कोर्टात गेला, १५६९ मध्ये दावा जिंकला आणि पुढे सरदाराच्या पुण्याईची सर्वांना आठवण राहावी म्हणून त्याने हे चित्र सांगितले. चित्र झाल्यावर किमतीवरून तंटा. जाणकारांनी १२०० दुकात (सोन्याची नाणी) ठरवले, चर्चला ते जास्त वाटले, फेरमूल्यांकन मागितले, तर दुसऱ्या पंचांनी १६०० सांगितले! शेवटी मुकाट्याने १२०० वर तडजोड झाली.

आख्यायिकेप्रमाणे सेंट स्टीफन आणि सेंट ऑगस्टीन स्वर्गातून उतरून सरदाराला कबरीत ठेवतात. मागे उभी असलेली माणसे मात्र चौदाव्या शतकातली नाहीत. ते एल ग्रेकोच्या ओळखीचे तोलेदोकर आहेत, पांढऱ्या चुणीदार गळपट्ट्या लावलेले. डावीकडे मशाल धरलेला मुलगा चित्रकाराचा, होर्हे मानुएल. त्याच्या खिशातल्या रुमालावर सही आणि १५७८ हे त्याचे जन्मवर्ष. सेंट स्टीफनच्या झग्यावर त्याच्याच दगडमाराचा प्रसंग भरतकामात आहे. फोटो काढू देत नाहीत, हे एका अर्थी बरेच. मागच्या रांगेची घाई नसेल तर पंधरा मिनिटे उभे राहावे. जवळचे एल ग्रेको संग्रहालय चांगले आहे, पण ते ‘त्याचे घर’ नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका सरदाराने हौसेने उभारलेला तो देखावा आहे.

शाकाहारी मंडळींनी थोडी तयारी ठेवावी. तोलेदोचे नामांकित पदार्थ म्हणजे तितर, हरण आणि डुकराच्या मांसाचे ‘कार्कामुसास’. भाज्यांचा ‘पिस्तो मान्चेगो’ मिळतो, पण वर अंडे असते आणि कुठे हॅमचे तुकडेही. ‘सिन हामोन, सिन कार्ने’ असे दोन्ही म्हणावे लागते, कारण हॅम हे मांसात धरत नाहीत असे मानणारे वाढपी भेटतात. मेंढीच्या दुधाचे मान्चेगो चीज, बटाट्याचे ऑम्लेट आणि पाव यांवर दुपार निभते. मासापान ही बदामाची मिठाई घ्यायचीच. ‘मासापान दे तोलेदो’ हे नाव लावायचे तर त्यात किमान निम्मा बदाम असावा लागतो. उरलेली बहुतेक साखर. भाजण्यापूर्वी त्यावर कधीकधी अंडे फिरवतात, तेव्हा अंडे न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावे.

जेवणानंतर ज्यू वस्ती. त्रान्सितो सिनेगॉग राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हालेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यावर बांधले. बाहेरून साधी भिंत. आत चुन्याच्या जाळीदार नक्षीत हिब्रू अक्षरे भिंतीभर धावतात, वर कोरीव लाकडी छत आहे आणि बायकांसाठी वेगळा सज्जा. पुढे याच खजिनदाराला राजाने तुरुंगात घालून छळ करून मारले. सान्ता मारिया ला ब्लान्का त्याहून जुने. नालाच्या आकाराच्या पांढऱ्या कमानींच्या रांगा पाहून पहिल्यांदा ही मशीदच वाटते. ज्यूंसाठी मुस्लिम धाटणीत बांधलेली आणि मेरीचे नाव मिळालेली अशी ही वास्तू.

इथे एका सोयीस्कर गोष्टीला हरकत घ्यावीशी वाटते. प्रत्येक माहितीपत्रकात तोलेदो हे ‘तीन धर्मांच्या सलोख्याचे शहर’ असते. सहवास खरा होता, त्याशिवाय या इमारती झाल्याच नसत्या. पण १३९१ मध्ये ज्यू वस्तीवर हल्ले झाले, १४४९ मध्ये ‘शुद्ध रक्ता’चा पहिला नियम याच शहराने केला आणि धर्मांतर केलेल्या ज्यूंच्या वंशजांना पदांवरून हटवले, आणि १४९२ मध्ये उरलेल्या ज्यूंना देशाबाहेर काढले. सिनेगॉगला चर्चचे नाव का, याचे उत्तर सलोख्यात नाही. वाचकांना दोन्ही बाजू सांगाव्यात.

शेजारचा सान हुआन दे लोस रेयेस हा मठ राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांनी १४७६ च्या तोरोच्या लढाईनंतर स्वतःच्या समाधीसाठी बांधायला घेतला. ग्रानादा जिंकल्यावर त्यांचा विचार बदलला आणि ते तिकडे पुरले गेले. बाहेरच्या भिंतीवर लटकणाऱ्या साखळदंडांकडे पाहावे. मुस्लिम राज्यातून सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांचे ते. आतल्या दुमजली चौकात बसायला सावली आहे.

तिथून परत टेकडी चढू नये. काम्ब्रोन वेशीतून तटाबाहेर पडावे, पासेओ दे रेकारेदोने उत्तरेकडे चालत यावे आणि ते सरकते जिने धरून वर यावे. मग शेवटी क्रिस्तो दे ला लुस. जेमतेम आठ मीटर चौरस असलेली ही मशीद इ.स. ९९९ ची. दर्शनी भागावर विटाच पुढेमागे बसवून अरबी अक्षरे काढली आहेत. त्यात हिजरी ३९० हे साल आणि बांधणाऱ्याचे नाव, मूसा इब्न अली, वाचता येते. आत चार खांब, नऊ खण, आणि नवांपैकी एकाही खणाचे छत दुसऱ्यासारखे नाही. खांबांची डोकी मुस्लिमांआधीच्या व्हिसिगॉथ राज्यकर्त्यांच्या जुन्या इमारतींतून उचललेली. मागची अर्धगोल बाजू बाराव्या शतकात चर्च करताना जोडली. उन्हाळ्यात पावणेसात आणि हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास ती बंद होते; अर्ध्या दिवसाच्या सहलीत ती बसतच नाही. तोलेदोत कॅथेड्रलखालोखाल काय पाहावे असे विचाराल तर, एल ग्रेकोची क्षमा मागून, हेच नाव घेईन.

मराठी वाचकाला गाइड सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट. १०६८ मध्ये तोलेदोचा काझी साइद अल-अंदलुसी याने शास्त्रे जोपासणाऱ्या राष्ट्रांचा आढावा लिहिला. त्यात पहिला मान त्याने हिंदला दिला, गणितासाठी आणि ग्रहगणितासाठी. त्यानंतर शंभर वर्षांनी याच गल्ल्यांत क्रेमोनाचा जेरार्ड अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणत बसला होता. प्राचीन ज्योतिर्विद टॉलेमीच्या ग्रहगणितावरच्या ग्रंथाचे भाषांतर त्याने ११७५ मध्ये पुरे केले.

खरेदीचे बोलायचे तर काळ्या पोलादावरची सोनेरी नक्षी, दामास्किनादो. खरे काम असे होते: पोलादाच्या पृष्ठावर धारदार सुरीने अत्यंत बारीक रेघा उलटसुलट ओढून ते खरखरीत करायचे, त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा हातोडीने ठोकून बसवायचा, मग वस्तू कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या उकळत्या द्रावणात बुडवायची. पोलाद काळे पडते, सोने तसेच राहते. शेवटी बारीक ठशांनी सोन्यावर पाने-पिसांच्या रेषा उठवायच्या. यंत्रावरच्या वस्तूत सोने पातळ मुलाम्याचे असते. ओळख सोपी आहे. एकाच नक्षीच्या दोन वस्तू शेजारी धराव्यात. रेषा न् रेष जुळली तर ते यंत्राचे काम. हाताच्या कामाला अंगठ्याखाली किंचित उंचसखलपणा लागतो, आणि त्याची किंमतही कैक पट असते. तलवारी बहुतेक शोभेच्या. विमानात त्या हाताशी नेता येत नाहीत, आणि परतीच्या स्टेशनवरही सामान यंत्रातून जाते, हे पैसे देण्यापूर्वी आठवावे.

गटानेच जाणार असाल तर सहल कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारावेत: कॅथेड्रलच्या आतले तिकीट धरले आहे का? तोलेदोचा दिवस सोमवार किंवा रविवार तर नाही ना? ‘कारखान्या’त किती वेळ मोडणार? उत्तरे गोलमाल आली तर तो दिवस ‘मोकळा’ मागून घेऊन स्वतः रेल्वेने जावे. आपल्या पुरवणीलाही विनंती, की परदेशी शहरांवरच्या लेखांखाली बंद राहण्याचे वार तरी छापावेत. एका ओळीची जागा लागते.

परतीचे तिकीट सकाळीच काढलेले असावे. संध्याकाळच्या गाड्या आधी भरतात. सोकोदोवेरहून उतरून पुलामार्गे स्टेशनला पाऊण तास धरावा, कारण पुलावर थांबणे होतेच. संध्याकाळी दिवे लागल्यावर अल्कासार आणि तट मागे वळून पाहावेत. गाडीला दहा मिनिटे उरली असतील तर फलाटावर जाण्यापूर्वी तिकीट घराच्या खिडक्यांची लाकडी जाळी जवळून बघून घ्यावी.

आपला नम्र,
एक वाचक